रुबीसाठी छोटा कंपायलर कसा लिहावा आणि कसा तपासावा

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पुट्स -७ / २’ लिहिलं की पडद्यावर -४ येतं. हाच भागाकार सी या भाषेत केला तर उत्तर -३. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत: रुबी खालच्या पूर्णांकाकडे सरकते, सी शून्याकडे. मी रुबीचा कोड सीमध्ये उतरवणारा कंपायलर लिहायला घेतला, तेव्हा माझा कंपायलर कित्येक दिवस -३ छापत होता आणि मला पत्ताच नव्हता, कारण माझ्या सगळ्या टेस्टमध्ये धन संख्या होत्या. त्या चुकीनंतर मी कामाचा क्रमच उलटा केला. तपासणीची यंत्रणा आधी उभी करायची आणि कंपायलर तिच्या आधाराने वाढवायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

लेखात कोडमधले शब्द देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे. रुबी बऱ्यापैकी येते, सी वाचता येते आणि पॉइंटर म्हणजे काय हे माहीत आहे, एवढं मी गृहीत धरतो.

काय बांधायचं ते आधी ठरवा

रुबीला वेगवान करण्याचे बरेच मार्ग आजवर लोकांनी चोखाळले आहेत. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये भाषा जाहीर केली, तेव्हा सीरुबी, म्हणजे मूळ रुबी, थेट वाक्यरचनेच्या झाडावरून चालायची. कोइची सासादा यांचं यार्व्ह हे बाइटकोड यंत्र १.९ मध्ये आलं. ३.१ मध्ये, २०२१ च्या डिसेंबरात, वायजिट आलं. ते प्रोग्रॅम चालू असताना गरम झालेला कोड यंत्रभाषेत उतरवतं. जेरुबी जावाच्या यंत्रावर चालते, ट्रफलरुबी ग्रालवर. ओपल रुबीचं जावास्क्रिप्ट करतं, तर नॅटली हा प्रकल्प रुबीतून सी++ तयार करतो.

आपण शेवटच्या वाटेने जाऊ, पण लक्ष्य सी ठेवू. रुबीची फाइल घ्यायची, सीची फाइल काढायची आणि पुढचं काम जीसीसी किंवा क्लँग या सीच्या कंपायलरवर सोपवायचं. एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलर बांधायची तयार साधनं, वापरण्याचा मोह होतो, पण पहिल्या कंपायलरसाठी सी बरं. काय तयार झालं ते डोळ्यांनी वाचता येतं आणि कुठे चुकलं ते डीबगरमध्ये ओळीनिशी दिसतं.

मग दोन याद्या करा. एकीत जे पेलायचं ते: पूर्णांक, स्ट्रिंग, ॲरे, हॅश, क्लास, ब्लॉक, एक्सेप्शन. दुसरीत जे सध्या नाही ते: इव्हॅल, बाइंडिंग, रिफाइनमेंट, फायबर, रॅक्टर. दुसरी यादी जास्त मोलाची. त्यातलं काही दिसलं की कंपायलरने फाइलचं नाव आणि ओळ सांगून तिथेच थांबायला हवं. न कळलेली गोष्ट गुपचूप गाळून पुढे जाणारा कंपायलर तुमचे आठवडे खातो.

तपासणीची यंत्रणा

रुबीचं एक अधिकृत मानक आहे. जपानने ते २०११ मध्ये केलं आणि २०१२ मध्ये ते आयएसओ ३०१७० म्हणून स्वीकारलं गेलं. पण त्यात वर्णन आहे ते त्या काळच्या रुबीचं. आजच्या रुबीत एखादी गोष्ट कशी वागते याचं खरं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं: सीरुबीत चालवून बघा. म्हणून पहिली यंत्रणा अगदी साधी. एका फोल्डरमध्ये छोट्या रुबी फायली ठेवायच्या. स्क्रिप्टने प्रत्येक फाइल सीरुबीने चालवायची, मग आपल्या कंपायलरने बांधून चालवायची आणि तीन गोष्टी ताडून बघायच्या: छापलेला मजकूर, बाहेर पडतानाचा स्टेटस कोड आणि एक्सेप्शनने मरण आलं असेल तर त्या एक्सेप्शनच्या क्लासचं नाव. दोन्ही बाजूंना दहा सेकंदांची मर्यादा घाला, नाहीतर एका न संपणाऱ्या लूपपायी सगळी रांग अडकते.

सीरुबीची आवृत्ती एकच ठरवून ती प्रकल्पात लिहून ठेवा. हे नुसतं शिस्तीपुरतं नाही. ३.४ मध्ये हॅश छापण्याची पद्धत बदलली, बाणाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आली आणि सिंबॉलच्या किल्ल्या नव्या ढंगात दिसू लागल्या. त्याच आवृत्तीत एरर संदेशांतलं उलटं अवतरणचिन्ह जाऊन साधं आलं. एकाच्या मशीनवर ३.३ आणि दुसऱ्याच्या मशीनवर ३.४ असेल, तर कंपायलर बरोबर असूनही टेस्ट लाल होतील.

टेस्टच्या फायलींत दर वेळी बदलणारं काही छापू नका. ऑब्जेक्टचं साधं इन्स्पेक्ट मेमरीतला पत्ता छापतं, स्ट्रिंगचा हॅश-आकडा दर प्रोसेसला वेगळा येतो आणि वेळ तर बदलतेच. हॅशमधल्या जोड्यांचा क्रम मात्र निर्धास्त छापा. रुबीत तो घातल्याच्या क्रमानेच राहतो आणि तुमच्या कंपायलरलाही तो पाळावाच लागतो.

पार्सर लिहू नका, प्रिझम घ्या

हा माझा ठाम सल्ला आहे. रुबीचं व्याकरण इतकं संदर्भावर अवलंबून आहे की हाताने पार्सर, म्हणजे कोडचं झाड करणारा भाग, लिहायला बसलात तर कंपायलर वर्षभर सुरूच होणार नाही. केव्हिन न्यूटन यांनी लिहिलेला प्रिझम ३.४ पासून सीरुबीचा स्वतःचा पार्सर आहे आणि रुबीसोबतच मिळतो. ‘रिक्वायर’ करा, ‘प्रिझम.पार्स’ला स्ट्रिंग द्या, झाड हातात येतं.

‘पुट्स १ + २’ देऊन पाहा. मुळाशी प्रोग्रॅम नोड, त्यात स्टेटमेंट्स नोड, त्यात कॉल नोड, ज्याचं नाव पुट्स. त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये पुन्हा एक कॉल नोड, नाव ‘+’, रिसीव्हर पूर्णांक १ आणि आर्ग्युमेंट पूर्णांक २. बेरीज हाही मेथड कॉलच आहे, हे इथे नजरेत भरतं. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

प्रिझम आणखी एक मोठं काम करून देतो. नुसतं ‘क’ लिहिलं तर ते लोकल व्हेरिएबल की मेथड, हे वर कुठे ‘क’ला किंमत दिली आहे की नाही यावर ठरतं. ती ओळ प्रत्यक्षात चालली का, याचा संबंध नसतो. ‘क = १ इफ फॉल्स’ आणि खाली ‘पी क’ लिहा, निल छापलं जातं, एरर येत नाही. प्रिझम अशा ठिकाणी लोकल व्हेरिएबलचा नोड देतो आणि ते किती स्कोप वरचं आहे तो आकडाही देतो. तयार होणाऱ्या सीमध्ये मात्र तुम्हाला प्रत्येक लोकल व्हेरिएबल फंक्शनच्या सुरुवातीलाच निलने भरावं लागेल. विसरलात तर स्टॅकवरचा जुना कचरा ऑब्जेक्ट म्हणून पुढे जाईल.

नावांचंही बघायला हवं. रुबीत मेथडच्या नावात प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, बरोबरचं चिन्ह येतं. सीला ते चालत नाही. प्रत्येक नाव बाइटच्या आकड्यांत बदलणारं एक छोटं फंक्शन पहिल्याच दिवशी लिहा. आपल्याकडच्या वाचकांनी त्यात देवनागरीची टेस्टही घालावी. रुबीला आस्कीबाहेरचं कुठलंही अक्षर नावात चालतं. ‘बेरीज’ हे व्हेरिएबल म्हणून सुरळीत चालतं. क्लासचं नाव ‘शेतकरी’ मात्र चालत नाही, कारण कॉन्स्टंटला पहिलं अक्षर कॅपिटल लागतं आणि देवनागरीत कॅपिटल नाही. देवनागरी आकड्यांत लिहिलेलं १२ तर रुबीला संख्या वाटतच नाही, ती त्याला एक नाव समजते. स्ट्रिंगसाठी ‘नमस्ते’ घ्या: लेंग्थ ६ यायला हवी आणि बाइटसाइज १८. सीच्या स्ट्रिंग फंक्शनवर विसंबलेला रनटाइम इथे लगेच पकडला जातो.

किमती मेमरीत कशा ठेवायच्या

इथे सीरुबीची युक्ती जशीच्या तशी उचला, कारण ती खरोखर सुंदर आहे. प्रत्येक किंमत ६४ बिटांचा एक शब्द. ऑब्जेक्टचा पत्ता आठाच्या पटीत असतो, म्हणजे त्याचे खालचे तीन बिट शून्य. मग ज्या शब्दाचा सर्वांत खालचा बिट १ आहे, तो पूर्णांक समजायचा. न ही संख्या २न + १ अशी साठवायची. ‘१.ऑब्जेक्ट आयडी’ छापून पाहा, ३ येतो.

फॉल्स म्हणजे ०. ३.२ पासून निल म्हणजे ४. या दोन आकड्यांची निवड मुद्दाम केलेली आहे. रुबीत फॉल्स आणि निल एवढेच दोन खोटे; बाकी सगळं, पूर्णांक शून्यसुद्धा, खरं. या दोघांत फक्त एका बिटाचा फरक असल्यामुळे ‘इफ’ची तपासणी एका मास्कमध्ये होते: ४ चा बिट पुसून उरलं ते शून्य नसेल, तर किंमत खरी.

बेरजेसाठी पूर्णांक सोडवण्याची गरज नाही. (२अ + १) आणि (२ब + १) मिळवून १ वजा केलं की २(अ + ब) + १ मिळतं, म्हणजे उत्तर आपोआप योग्य रूपात येतं. प्रश्न ओव्हरफ्लोचा. या रूपात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४६११६८६०१८४२७३८७९०३. तिच्यापुढे रुबी न बोलता मोठ्या पूर्णांकाकडे वळते. जीसीसी आणि क्लँग या दोघांतही ओव्हरफ्लो कळवणारी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार तयार आहेत, त्याच वापरा. भागाकाराला ओव्हरफ्लो नाही असं समजू नका. सर्वांत लहान पूर्णांकाला -१ ने भागलं तर उत्तर मर्यादेच्या एकाने बाहेर पडतं. आणि -७ % ३ चं उत्तर रुबीत २ आहे, सीमध्ये -१. हे सगळे आकडे टेस्टच्या फोल्डरात आजच टाका.

सी तयार करणं

झाडावरून फिरत प्रत्येक नोडसाठी सीच्या ओळी लिहायच्या, हे काम तसं सरळ आहे. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

सीमध्ये फंक्शनची आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने मोजायची हे ठरलेलं नाही. रुबीत क्रम डावीकडून उजवीकडे, पक्का. म्हणून कॉलच्या आत कॉल लिहू नका. प्रत्येक उपपदाची किंमत आधी एका तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि मग कॉल करा. कोड दिसायला लांबट होतो, पण ऑप्टिमायझर तो आवरतो. टेस्टसाठी असे दोन मेथड लिहा जे छापतात आणि किंमत परत देतात, आणि दोन्ही एकाच कॉलमध्ये द्या.

दुसरं, तयार होणाऱ्या सीमध्ये ‘लाइन’ डायरेक्टिव्ह टाकत चला, मूळ रुबी फाइलचं नाव आणि ओळ घालून. मग डीबगर थेट तुमच्या रुबी फाइलवर नेऊन उभं करतो.

मेथड कॉलसाठी प्रत्येक कॉलच्या जागी एक छोटी कॅश ठेवा: मागच्या वेळचा क्लास, सापडलेलं फंक्शन आणि एक जागतिक आकडा. प्रोग्रॅममध्ये कुठेही नवी मेथड आली, मॉड्यूल मिसळलं, की तो आकडा एकाने वाढवा. सगळ्या कॅश आपोआप शिळ्या होतात. ढोबळ उपाय आहे, पण बरोबर आहे. पूर्णांकांच्या बेरजेला जवळचा रस्ता द्यायचा तर दोन अटी: दोन्ही बाजू पूर्णांक हव्यात, आणि इंटीजर क्लासची ‘+’ कुणी बदललेली नसावी. सीरुबीही हेच तपासते. टेस्टमध्ये प्रोग्रॅमच्या मधोमध ‘+’ बदला आणि पुढच्याच ओळीवर १ + १ छापा.

ब्लॉक, रिटर्न आणि माझा वाया गेलेला आठवडा

ब्लॉक म्हणजे एक सी फंक्शन आणि सोबत बाहेरच्या व्हेरिएबलांची पेटी. ब्लॉक ज्या मेथडला दिला, ती त्याला प्रॉक करून जपून ठेवेल का हे कंपाइल करताना कळत नाही. म्हणून सुरुवातीला ब्लॉकने पकडलेली सगळी व्हेरिएबल हीपवर, म्हणजे मेथड संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत, ठेवा. न पकडलेली सीच्या लोकलमध्ये राहू द्या. प्रिझमने दिलेल्या स्कोपच्या आकड्यावरून ती वेगळी काढता येतात.

‘नेक्स्ट’ सोपा, तो ब्लॉकच्या फंक्शनमधून परत येतो. ‘ब्रेक’ ज्या कॉलला ब्लॉक जोडला होता तो कॉल संपवतो. ‘रिटर्न’ मात्र ब्लॉक ज्या मेथडमध्ये लिहिला आहे, ती मेथडच संपवतो, मधल्या ‘ईच’सकट. वाटेतले ‘एन्शुअर’ चालवत चालवत. ती मेथड आधीच संपली असेल तर लोकलजंपएरर. आणि लॅम्डामधला रिटर्न फक्त लॅम्डापुरता. हे सीमध्ये करायला सेटजंप (परत यायची जागा नोंदवणारा) आणि लाँगजंप (त्या जागी उडी मारणारा) लागतात. प्रत्येक उडीवर कुठल्या फ्रेमला पोचायचं याची खूण ठेवायची. मधल्या प्रत्येक एन्शुअरने उडी अडवायची, आपलं काम करायचं आणि खूण आपली नसेल तर उडी पुढे पाठवायची.

इथे मला जे भोवलं ते सविस्तर सांगतो. टेस्ट अगदी पाच ओळींची होती: ‘मोजणी’ला ० द्यायचं, बिगिनमध्ये ती एकाने वाढवायची, रेज करायचं आणि रेस्क्यूमध्ये मोजणी छापायची. उत्तर १ हवं. ऑप्टिमायझेशन बंद असताना १ येत होतं. ओ-२ ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की ०. आठवडाभर मी माझ्याच कोड जनरेटरमध्ये चूक शोधत होतो. कारण सीच्या नियमात होतं: सेटजंपनंतर बदललेलं आणि व्होलाटाइल नसलेलं लोकल व्हेरिएबल लाँगजंपनंतर काय असेल याची हमी नाही. ओ-२ने मोजणी रजिस्टरमध्ये ठेवली आणि उडीने रजिस्टर जुन्या किमतीवर परत नेला. उपाय एका शब्दाचा: ज्या फंक्शनमध्ये रेस्क्यू किंवा एन्शुअर आहे तिथली लोकल व्हेरिएबल व्होलाटाइल करा, फक्त तिथलीच. तेव्हापासून माझी सगळी रांग दोनदा चालते, एकदा ओ-० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, आणि एकदा ओ-२ वर.

कचरा गोळा करणं

नको असलेल्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करायला पहिल्या टप्प्यात बोएम कलेक्टर ही तयार लायब्ररी जोडा. तो सीचा स्टॅक स्वतः चाळतो, तुम्हाला कुठे काय ठेवलंय ते सांगावं लागत नाही. पुढे स्वतःचा कलेक्टर लिहिलात, तर जिवंत पॉइंटरांची वेगळी नोंद ठेवावी लागेल आणि ती कुठेतरी चुकणारच. म्हणून कलेक्टरसोबत एक छळ-मोड लिहा: प्रत्येक नव्या ऑब्जेक्टच्या आधी पूर्ण सफाई. सीरुबीत यालाच जीसी स्ट्रेस म्हणतात. टेस्ट कासवाच्या गतीने चालतात, पण महिन्यातून एकदा दिसणारी चूक दर वेळी त्याच ओळीवर दिसते. सोबत जीसीसी-क्लँगमधले ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि अनडिफाइंड बिहेवियर सॅनिटायझर लावा. दुसरा सॅनिटायझर तुमच्या नजरेतून सुटलेला पूर्णांकाचा ओव्हरफ्लो पकडून देतो.

रुबी स्पेक

स्वतःच्या फायली शंभरावर गेल्या की रुबी स्पेक या रुबीच्या टेस्टच्या संचाकडे वळा. रुबिनियस प्रकल्पात सुरू झालेला हा संच आज सीरुबी, जेरुबी, ट्रफलरुबी हे सगळे चालवतात. तुम्हाला सुचणार नाहीत असे प्रसंग त्यात हजारोंनी आहेत. ‘लँग्वेज’ फोल्डरपासून सुरुवात करा: आधी इफ, व्हाइल, अँड, ऑर, मग डेफ, रिटर्न, एन्शुअर, ब्लॉक शेवटी.

अडचण अशी की तो चालवणारा एमस्पेक स्वतः रुबीत आहे, म्हणजे तोही तुमच्या कंपायलरला पेलायला हवा. पहिल्या दिवशी तो पेलणार नाही. मी डिस्क्राइब, इट, शुड आणि नेमकी एक्सेप्शन तपासणारा मॅचर एवढंच असलेली छोटी बदली फाइल लिहिली. काही स्पेक इव्हॅल वापरतात. ती वेगळ्या यादीत टाका. नापास होणाऱ्या स्पेकची यादी फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही बाजूंनी नियम कडक ठेवा: यादीबाहेरचं नापास झालं तर लाल, यादीतलं पास झालं तरी लाल, म्हणजे नाव यादीतून काढावंच लागतं.

यादृच्छिक प्रोग्रॅम

पूर्णांक, व्हेरिएबल आणि चार क्रिया एवढ्यावर यदृच्छेने प्रोग्रॅम लिहिणारी स्क्रिप्ट एका संध्याकाळी होते. तिला ०, १, -१ आणि वर दिलेली मर्यादेची संख्या, तिच्या एक पुढची, एक मागची, असे आकडे जास्त वेळा निवडू द्या. शून्याने भागाकार टाळू नका. दोन्हीकडे झिरोडिव्हिजनएरर यायला हवा. प्रत्येक प्रोग्रॅमचा बीज-आकडा छापून ठेवा. फरक सापडला की एकेक ओळ काढत जा, फरक टिकला तर ओळ कायमची गेली, नाही टिकला तर परत ठेवा. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा तीन-चार ओळींवर येतो. त्या ओळी टेस्टच्या फोल्डरात टाका, मगच दुरुस्तीला हात घाला.

वेग

फिबोनाची मोजून वेग जाहीर करू नका. त्यात फक्त पूर्णांक आणि कॉल आहेत. खऱ्या रुबी प्रोग्रॅमचा वेळ स्ट्रिंग, हॅश आणि ऑब्जेक्ट बनवण्यात जातो. युसुके एंडो यांचा ऑप्टकॅरट हा निन्टेंडो एम्युलेटर चांगला कस लावतो आणि शेवटी फ्रेमच्या वेगासोबत चेकसमही छापतो, म्हणजे वेगाने चुकीचं उत्तर काढलं तर तेही उघड होतं. त्याला फायबर लागतो, तेव्हा तो तुमच्या दुसऱ्या यादीतून पहिल्या यादीत आल्यावरच. आणि तुलना करताना समोरच्या सीरुबीत वायजिट सुरू करा, ती गरम व्हायला काही फेऱ्या द्या, आणि मगच घड्याळ लावा.